तिळाएवढे अंतर : 'गंगाधरपंतांचे पानिपत' धाराशिवमध्ये वाचताना

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे इतिहास बदलून टाकण्याची इच्छा. ही इच्छा सगळ्यांनाच असते. चहाच्या टपरीवर असते, लग्नाच्या पंगतीत असते, निवडणुकीच्या सभेत तर असतेच असते. 'त्या दिवशी अमुक झाले असते तर' या वाक्याने सुरू झालेली गप्पा रात्री बारापर्यंत चालते. मग कोणीतरी शहाणा माणूस आत्याबाईच्या मिशांची आठवण काढतो आणि मंडळी उठतात. पण आत्याबाईच्या मिशांना हसून हा विषय संपत नाही. म्हणून आज आपण मराठीतली एक अशी कथा घेणार आहोत, जिने या जर-तरला गंभीरपणे घेतले. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'.

ज्यांनी ती मराठीत वाचली नसेल, त्यांच्या घरातल्या सीबीएसईच्या मुलांनी ती इंग्रजीत नक्की वाचली असेल. एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पुस्तकात 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावाने तिचे संक्षिप्त रूप आहे. म्हणजे पेशव्यांची ही गोष्ट केरळपासून आसामपर्यंतची मुले परीक्षेसाठी पाठ करतात. मराठी विज्ञानकथेच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच आलेले आहे.

कथा थोडक्यात सांगतो. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासकार. पानिपतावरच्या परिसंवादात अध्यक्षीय भाषण करायचे आहे, आणि ते त्यांचे हजारावे अध्यक्षीय भाषण ठरणार आहे. पुण्यात रस्ता ओलांडताना ट्रकची धडक बसते, आणि पंत जागे होतात ते वेगळ्याच हिंदुस्थानात. जिजामाता एक्स्प्रेसने ते मुंबईकडे निघतात. वाटेत 'सरहद' नावाचे स्टेशन लागते, तिथे परवाने तपासले जातात, कारण पुढे ब्रिटिशांची हद्द सुरू होते. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचे कार्यालय थाटात उभे आहे. मुलगा जिथे नोकरी करतो त्या कंपनीत चौकशी केली, तर त्या नावाचा माणूसच नाही. मग पंत टाउन हॉलच्या ग्रंथालयात जातात आणि स्वतःच लिहिलेले इतिहासाचे पाच खंड मागवतात. पहिले चार खंड जसेच्या तसे आहेत. औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत काहीही बदललेले नाही. पाचव्या खंडात मात्र मराठे पानिपत जिंकले आहेत. का जिंकले? विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून गेली म्हणून. तिळाएवढ्या अंतराने.

पुढचे तुम्हाला आठवत असेल. अब्दालीला काबूलपर्यंत पिटाळले गेले. विश्वासराव आणि माधवराव या दोघा भावांनी राज्य चालवले, दादासाहेब बाजूला पडले, कंपनी मुंबई, कलकत्ता, मद्रास एवढ्यापुरती उरली. पेशव्यांनी विज्ञानाची केंद्रे काढली, पुढे लोकशाही आली. वाचता वाचता पंतांना अभिमान वाटतो. संध्याकाळी ते आझाद मैदानावर जातात. तिथे सभा चालू आहे आणि व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी आहे. हजार भाषणांची सवय असलेला माणूस तो, जाऊन खुर्चीवर बसतो. पण या जगातल्या लोकांनी अध्यक्ष आणि लांबलचक भाषणे कधीच बंद केलेली आहेत. पंतांवर अंडी आणि टोमॅटोंचा मारा होतो, आणि ते आपल्या जगात परत येतात. खिशात बखरीचे एक फाटके पान उरलेले असते.

शीर्षकातली गंमत इथे उघडते. मराठीत 'पानिपत होणे' म्हणजे धुव्वा उडणे. ज्या जगात मराठ्यांचे पानिपत झाले नाही, त्या जगात पंतांचे झाले! व्याख्यान देणाऱ्या माणसाने ही कथा निवडणे जरा धोक्याचेच आहे, याची आम्हाला कल्पना आहे.

आता मुद्द्याकडे येतो. या कथेचे मोठेपण कशात आहे? आमच्या मते, गंगाधरपंत इतिहास बदलायला जात नाहीत, यात आहे. काळात मागे जाणाऱ्या माणसांच्या ज्या गोष्टी जगभर लिहिल्या गेल्या, नाटके-मालिका झाल्या, त्यांत नायकाला काहीतरी करायचे असते. स्टीफन किंगची २०११ सालची '११/२२/६३' ही कादंबरी घ्या, तिच्यावर पुढे मालिकाही झाली. तिच्यातला इंग्रजीचा शिक्षक १९५८ सालात उतरतो, पाच वर्षे तिथेच काढतो आणि केनेडींचा खून टाळतो. परत येऊन पाहतो तर जग उद्ध्वस्त झालेले. केलेले सगळे त्याला निस्तरावे लागते, आणि त्यात प्रेमाचे माणूसही गमवावे लागते. रे ब्रॅडबरीच्या १९५२ सालच्या कथेत तर शिकारी आदिम काळात एक फुलपाखरू चिरडतो आणि तेवढ्याने वर्तमान बिघडते. या गोष्टींचे सांगणे एकच आहे : भूतकाळाला हात लावू नका, भाजेल.

नारळीकरांचे सांगणे वेगळे आहे. त्यांच्या इतिहासकाराला बदललेले जग आयते मिळते. त्यात उतरल्यावर हा गृहस्थ काय करतो? तलवार शोधत नाही, पेशव्यांना भेटायला जात नाही. तो ग्रंथालयात जातो. जग कुठे फाटले हे शोधायला खंड मागवतो, मग त्या खंडाचा आधार शोधत बखरीपर्यंत पोचतो. अनोळखी जगात सापडलेल्या माणसाची पहिली धाव संदर्भाकडे, हे मराठी कथेत आम्ही दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही. आणि परत आल्यावरही तो 'मला दिसले' एवढ्यावर थांबत नाही, पुरावा टेबलावर ठेवतो. एकाच बखरीचे एकच पान, एका प्रतीत गोळी लागली, दुसऱ्या प्रतीत चुकली. मग राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ मित्र त्याला दोन गोष्टींच्या आधाराने अर्थ लावून देतो. एक, आपत्तीचा गणिती सिद्धांत : तोललेली परिस्थिती क्षुल्लक कारणानेही एकदम एका बाजूला कलंडते. दुसरी, क्वांटम सिद्धांतातली अनिश्चितता : इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे आधी सांगता येत नाही, आणि प्रत्येक शक्यतेचे एकेक जग असू शकते. अकरावीच्या मुलाला हे कळते. ही साधी गोष्ट नाही.

इथवर कौतुक. पण समीक्षा म्हणायची तर पुढचेही बोलले पाहिजे. आणि ते बोलायला धाराशिवसारखी जागा नाही. का, ते सांगतो.

कथेचा रस्ता पुणे ते मुंबईचा आहे. लोणावळा, कर्जत, कल्याण. सहप्रवासी खानसाहेब पुढे पेशावरला जाणार आहेत. त्या रस्त्यावर बालाघाटाचा डोंगर येत नाही. पण खुद्द पानिपताचा रस्ता मात्र आपल्या दारावरून गेलेला आहे. १७६० च्या फेब्रुवारीत, म्हणजे पानिपताच्या आधी वर्षभर, सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीर-औशाच्या टापूत कोंडून हरवले. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा निघेपर्यंत ही दोन्ही गावे आपल्याच जिल्ह्याच्या नकाशावर होती. त्या विजयात दौलताबाद, बऱ्हाणपूर, अशीरगड, विजापूर अशी ठाणी आणि सुमारे साठ लाखांचा मुलूख मराठ्यांना मिळाला. ही लढाई जिंकून देण्यात मोठा वाटा होता इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा. हा इब्राहिमखान आधी निजामाकडेच होता, फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेला.

आता विचार करा. उदगीरला भाऊ जिंकले म्हणून उत्तरेची मोहीम त्यांच्याकडे आली. तिथून ते परतूरला गेले आणि परतूरहून उत्तरेकडे निघाले. उदगीरला तोफा चालल्या म्हणून तोफांवर त्यांचा भरवसा बसला. मल्हारराव होळकरांसारखे जुने सरदार गनिमी काव्याची भाषा बोलत होते, ती मागे पडली. म्हणजे पानिपताचे बी पेरले गेले ते उदगीरच्या विजयात. त्या दिवशी आपल्या या मातीत भाऊ हरले असते, तर कदाचित पानिपत झालेच नसते, किंवा झाले असते तर वेगळ्या माणसाच्या हाताखाली झाले असते.

नारळीकरांच्या कथेतली मेख इथे आहे. कथा धरून चालते की लढाई जिंकली की पुढचे सगळे चांगले होते. गोळी चुकली, मग आत्मविश्वास आला, मग एकी आली, मग विज्ञान आले, मग लोकशाही आली. पायऱ्या एकापाठोपाठ एक, कुठेही पाय घसरत नाही. दादासाहेबसुद्धा शहाण्यासारखे बाजूला होतात! उदगीर आपल्याला नेमके उलटे शिकवते. विजय हासुद्धा अपघात असू शकतो, आणि त्याची किंमत वर्षभराने वसूल होते.

दुसरी गोष्ट. १४ जानेवारी १७६१ ची दुपार तोललेली होती, हे मान्य. विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत शिरले, सैन्याला आपला सेनापती दिसेना आणि धीर सुटला. तिळाएवढे अंतर तिथे महत्त्वाचे होते. पण त्या दुपारच्या आधी अडीच महिने काय चालले होते? छावणीची रसद तुटलेली. लढवय्यांपेक्षा बुणगे आणि यात्रेकरू यांचाच भार जास्त. गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि दाणागोटा आणणारा हात गेला. सूरजमल जाट आधीच निघून गेला होता. रजपूत लांब राहिले, कारण चौथाई वसूल करताना आपण त्यांना दुखावलेले. शुजाउद्दौला अब्दालीकडे गेला. उपाशी फौज बाहेर पडली ती लढून मरण्याच्या तयारीने. आता हा तराजू त्या दुपारी मधोमध उभा होता असे म्हणायचे, तर तो तिथे कसा आला हेही विचारले पाहिजे. आपत्तीचा सिद्धांत कड्यावरून दगड कधी पडेल हे सांगतो. दगड कड्यापर्यंत कोणी ढकलत नेला, हे सांगणे इतिहासकाराचे काम. आणि गंमत म्हणजे गंगाधरपंत इतिहासकारच आहेत! कथेच्या शेवटी मात्र ते आपले काम शास्त्रज्ञ मित्राच्या हवाली करून मोकळे होतात.

तिसरी गोष्ट यापेक्षा अवघड आहे. खऱ्या इतिहासात गोळी लागली. तरीही दोनच वर्षांत, १० ऑगस्ट १७६३ रोजी, माधवरावांनी राक्षसभुवनला निजामाला हरवले. १७७१ मध्ये मराठी फौजांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली आणि शाह आलमला तिथे आणून बसवले. म्हणजे कथेतल्या पाचव्या खंडात जे लिहिले आहे, दिल्लीत नामधारी बादशहा आणि कारभार मराठ्यांच्या हातात, ते बरेचसे गोळी लागूनही झालेच होते. मग बिघडले कुठे? १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव क्षयाने गेले. पुढच्या वर्षी नारायणरावांचा खून झाला. घरातली भांडणे इंग्रजांच्या दारात गेली. ग्रँट डफसारख्या इंग्रज इतिहासकारानेही माधवरावांचा अकाली मृत्यू पानिपताइतकाच घातक मानलेला आहे. मग सांगा, इतिहास बदलायला कुठे जायचे? पानिपतावर गोळी चुकवायला, की थेऊरला क्षयाचे औषध घेऊन? तो फाटा एकच आहे असे मानणे हा कथेचा डाव आहे. कथा म्हणून तो चालतो, इतिहास म्हणून चालत नाही.

आणि आता चौथी गोष्ट, जिच्यासाठी खरे तर आज ही कथा घेतली. कोणाचा पराभव पुसायचा?

कथेतल्या त्या दुसऱ्या जगात इंग्रजी राज्य आलेच नाही. १८१८ साल उजाडलेच नाही. पण १८१८ ची आठवण महाराष्ट्रात सगळ्यांना सारखी नाही. शनिवारवाड्यावरचा झेंडा उतरला म्हणून ज्यांचे मन दुखते, तेही याच महाराष्ट्रातले. आणि दर १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाऊन त्या स्तंभापुढे उभे राहतात, तेही याच महाराष्ट्रातले. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पेशवाई टिकलेल्या पुण्यात ती निघाली असती का? कथा म्हणते, लोकशाही आली. कोणी मागितली, कोणाशी भांडून मिळवली, पाणवठा कोणाला खुला झाला, याबद्दल पाचवा खंड गप्प आहे. नारळीकरांना दोष देण्यासाठी हे बोलत नाही. एका छोट्या कथेने सगळे सांगावे अशी अपेक्षाच चुकीची. पण वाचकाने विचारावे. कारण आज 'इतिहास दुरुस्त करा' असे म्हणणारा प्रत्येक जण आपापला पराभव दुरुस्त करायला निघालेला असतो, आणि दुसऱ्याची सुटका त्याच पानावर लिहिलेली आहे हे त्याच्या ध्यानात नसते.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. आपण निजामाच्या राज्यात होतो. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि आपण झालो नाही. पुढचे वर्षभर रझाकारांनी या गावागावांत काय केले, ते घराघरांत सांगितले जाते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे साऱ्या लढ्याचे नेते झाले. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय फौज आत शिरली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. १७ तारखेला निजाम शरण आला. हा आपला विजय. तो आपण दरवर्षी साजरा करतो, करायलाच हवा.

पण त्याच पानाची दुसरी बाजूही आहे. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानात काय घडले हे पाहायला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती त्याच वर्षाच्या अखेरीस आली होती. मारल्या गेलेल्यांची, मुख्यतः मुसलमानांची, संख्या तिने संस्थानभर मिळून सत्तावीस ते चाळीस हजारांच्या घरात मानली, आणि सर्वांत जास्त झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले त्यांत एक उस्मानाबाद होता. बाकीचे गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही. म्हणजे गंगाधरपंतांच्या खिशातले फाटके पान आपल्याकडेही होते. एका प्रतीत एक गोष्ट, दुसऱ्या प्रतीत दुसरी. फरक एवढाच, की कथेत ती दोन पाने दोन वेगळ्या जगांतली आहेत. आपली दोन्ही पाने याच जगातली, याच जिल्ह्यातली, कधीकधी एकाच गल्लीतली.

म्हणून आम्हाला वाटते, काळात मागे जाऊन इतिहास बदलण्याची कल्पना मोहक असली तरी आळशी आहे. ती एक गोळी चुकवते आणि बाकीच्या कामातून सुटका मागते. आपल्या शहराला शेवटच्या निजामाचे, मीर उस्मान अली खानचे नाव होते. २०२३ साली ते सरकारी कागदावर पुन्हा धाराशिव झाले. गावाने आपल्याला हवे ते नाव घ्यावे, त्यात वावगे काही नाही. पण पाटी बदलली म्हणून पाटीमागची वर्षे गेली, असे होत नाही. जुन्या सातबाऱ्यावर, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर, उर्दूतल्या दस्तांवर ती आहेत. ती वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत, ही खरी काळजी. मोडीची बखर वाचता येणारा आणि उर्दूची मिसल वाचता येणारा माणूस एकाच टेबलावर बसवता आला, तर या जिल्ह्याचा पाचवा खंड लिहिता येईल. काळाचे यंत्र त्याला लागत नाही. दिवाबत्ती, कपाट आणि थोडी चिकाटी लागते.

तर जर-तरचा खेळ खेळायचा की नाही? अवश्य खेळावा. नारळीकरांनी तो खेळून दाखवला म्हणून तर पानिपताबद्दल शाळेतल्या मुलाला प्रश्न पडला. पण 'अमुक झाले असते तर' असे म्हटल्यावर एक पान मागेही जावे : ती वेळ आली कशी? आणि एक घर पलीकडेही जावे : तसे झाले असते तर त्या घरात काय झाले असते? एवढे दोन प्रश्न विचारले, तर टपरीवरची गप्पासुद्धा इतिहास होते. न विचारले, तर व्यासपीठावरचे भाषणसुद्धा टपरीवरची गप्पा राहते.

कथेच्या शेवटी गंगाधरपंत पानिपताच्या परिसंवादाला नकार कळवतात. हजारावे भाषण राहून जाते. मराठी साहित्यातला हा एकमेव वक्ता असावा, ज्याला बोलणे कधी थांबवावे ते कळले. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. त्यांच्या खगोलशास्त्रावर बोलण्याची आमची पात्रता नाही. पण खुर्चीवर बसून राहणाऱ्यांना त्यांनी दिलेली ही समज आपण घेऊ शकतो. आता प्रश्न तुमचे. मागच्या रांगेपासून सुरू करू या.